इसरू मास्तरच्या पुस्तकाचा वारस

...आन् वरतून हे पोट्टे मलेच म्हणते, "पत्रूभाऊ, आमचं उदाहरण तुमी मारलं!" मी? अजी, मूल गावच्या राइस मिलमधी वजनकाट्यावर बसून धान मोजणारा माणूस मी, मारलं असन त एखादं उंदीर! तुमाले सांगतो, मी कोणाच्या मधात पडतच नाई, हं!

आता बाजूच्या नंदिनीच्या अंगणात दर रविवारी पंधरा-वीस पोट्टे-पोट्ट्या जमते, कोणी चंद्रपूरचा, कोणी पार एटापल्लीवरून येते, सगळ्यायच्या मांडीवर लॅपटॉप... त कुंपणाजवळ उभं राह्यलं का आयकू येणारच ना? कानाले का कुलूप लावू? मी जरासं मुंडकं काढलं आन् म्हटलं, "काऊन व बाई, लगन जुळवून राह्यले का?"

"नाई भाऊ, कायदा बदलून राह्यलो."

कायदा! माह्या घरी सहा वर्सं झाले, नळाची तोटी बदलली नाई मी!

"पगार कोण देते?" "कोणीच नाई." "मंग निवडणुकीले उभी राह्यतं का?" "नाई जी भाऊ!" पगार नाई, खुर्ची नाई, आन् उन्हातान्हाचे दोन-दोन एस्ट्या बदलून येते... माहं त तोंड उघडं ते उघडंच!

मंग त्यायच्यातल्या संघपालनं समजावलं, तो वकिली शिकते. म्हणे, "आपल्या झाडीपट्टीतल्या जुन्या धानाच्या जातींवर इसरू मास्तरनं पुस्तक लिहिलं. शंभरावर जाती. आता त्याची एकच प्रत उरली, तीही वाळवीनं अर्धी खाल्लेली. इंटरनेटवर टाकलं तर सगळ्यांना फुकट वाचता येईल. पण लिहिणारा मेल्यावर साठ वर्षं हक्क वारसाचा, त्याच्या परवानगीशिवाय टाकता येत नाही!" मास्तर जाऊन झाले बावीस. म्हंजे राह्यले अडतीस. तवर मी जाईन, धान जाईन, वाळवी तेवढी राहीन!

"वारसाले इचारा ना मंग!"

"तेच तर! वारस सापडतच नाही. प्रकाशकाच्या पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान आहे. दोन वर्षं झाली, अकरा रजिस्टरी परत आल्या. म्हणूनच सोमवारी खासदाराले निवेदन देतो, का वारस शोधूनही सापडला नाही तर पुस्तक मोकळं करायचा सोपा रस्ता करा. इसरू मास्तर हेच आमचं पह्यलं उदाहरण."

आता मी कोणाच्या मधात पडत नाई, हं! पण मास्तरची पोरगी कमळा कोरपन्याले देली, हे काट्यावर बसणाऱ्याले माहीत नसन का? धान मोजता मोजता तोंड रिकामंच असते, मी सहज इचारतो, गाव कोणतं, मामा कोण, पोरगी कुठी देली... हे पोट्टे बापाच्या आडनावानं शोधून राह्यले, आन् पोरगी सासरच्या आडनावात बसली! दोन फोन केले म्या. दोन! इकडं चहा उकळून राह्यला होता, तो उतू जाच्या आंधी पत्ता आला.

तुमाले सांगतो, पोट्ट्यायचे चेहरे पाह्याचे होते. निम्मे हासून राह्यले, निम्मे रडून! संघपाल म्हणे, "पत्रूभाऊ, आमचं उदाहरण तुमी मारलं! सोमवारचं निवेदनच बुडालं की जी!"

पण नंदिनी मले घेऊन कोरपन्याले निघालीच. पऱ्हाटीच्या वावरात कापूस येचताना कमळाबाई सापडली. पुस्तक हातात घेतलं, उलटं. म्हणे, "मले वाचता नाई येत, भाऊ. बाबानं दुनियेच्या पोरायले शिकवलं, मले ढोरं राखाले धाडलं."

म्या हळूच पुस्तक तिच्या हातात सुलटं केलं. 

नंदिनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसली आन् मोठ्यानं वाचू लागली. एक पान, दोन पानं... मंग कमळाबाईनं हातच धरला, "थांब व माय, हे चुकलं. याचं कुसळ लाल नोहे, पिकता पिकता काळं पडते. बाबा कुठी बांधात गेला? लोंब्या मीच आणत होती, ढोरामांगं फिरता फिरता." अजी, सगळं पुस्तक त्या पोरीच्या ओच्यातून आलं, आन् तिलेच ठाऊक नाई का त्याची मालकीण आपून हावो!

तिनं परवानगीच्या कागदावर अंगठा देला. "देऊन टाका सगळ्यायले. पण कुसळ काळं लिवजा."

सोमवारी निवेदन गेलं. मी म्हटलं, आता का लिवलं असन याइनं, उदाहरण त म्या मारलं! नंदिनीनं वाचून दाखवलं, "दोन वर्षे, अकरा रजिस्टर्ड पत्रे. अखेर वारस शोधला तो शेजारच्या पत्रूभाऊंनी, दोन फोनमध्ये. परंतु प्रत्येक पुस्तकाला असा शेजारी नसतो. म्हणून कायदा बदला."

आमची घरची म्हणे, "घ्या! तुमचं नाक दिल्लीपावतर गेलं!"

आन् कायदा बदलेपावतर का? नंदिनीनं एक्केचाळीस पुस्तकायची यादी माह्या हातात ठेवली, सगळे बेवारस! आता मी कोणाच्या मधात पडत नाई, हं...

पण काहो, तुमच्यात सिरोंच्याकडचं कोणी हाय का? तुमचा मामा कोण? नाई, आपलं सहज इचारून राह्यलो.