चोवीस सेंटिमीटरचा पोचा

भिलाई लघुवाहन छंद मंडळाचे अध्यक्ष आदरणीय मारोतराव गावंडे, आजचे सत्कारमूर्ती आणि गेली बारा वर्षे आपल्या वार्षिक स्पर्धेचे मुख्य परीक्षक श्री. सुजय पांढरीपांडे, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. शिल्पाताई, सूत्रसंचालन करणारी सोनल, आणि वीतभर ट्रक-मोटारी घडवण्यात डोळे झिजवणाऱ्या समस्त छांदिष्ट मित्रमैत्रिणींनो,

सुजयराव निवृत्त होऊन परवा कायमचे नागपूरला निघाले आहेत. त्यांच्याविषयी मी, कमलिनी वैरागडे हिने, चार गोड शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची विनंती आहे. शब्द मी बोलेन. गोडीची हमी देत नाही. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना यंत्ररेखाटन शिकवले आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीसाठी कागद परत केले. त्या सवयीला अनुसरून आधी घटना सांगते, घडल्या त्याच क्रमाने.

मार्च २०२२. आपले प्रदर्शन संपले. मंडळाची मोठी काचपेटी कोहक्याच्या सुताराकडे दुरुस्तीला गेली आणि आठ दिवसांनी सुजयरावांनी ती स्वतःच्या गाडीतून परत आणली. या पेटीची कृपया आठवण ठेवावी.

ऑगस्ट २०२२. खुर्सीपारच्या एका गॅरेजसमोर उभा राहणारा जुना टिप्पर मी प्रतिकृतीसाठी निवडला. टिप्पर म्हणजे मागचा हौदा उचलून गिट्टी ओतणारा ट्रक, हे शिल्पाताईंसाठी सांगते. बाकीच्यांना ठाऊक आहे. त्याचे चालक श्री. धोंडबा मेश्राम. अकरा रविवार मी तो ट्रक मोजला. प्रमाण एकास चोवीस. डाव्या दारावर एक पोचा होता: उभा, चोवीस सेंटिमीटर लांब, मध्य जमिनीपासून एकशे अडुसष्ट सेंटिमीटरवर. पोच्याच्या घडीत एक किरमिजी रेघ होती. प्रतिकृतीत पोचा एक सेंटिमीटरचा झाला, जमिनीपासून सात सेंटिमीटरवर. पितळी पत्रा विणायच्या सुईच्या बोथट टोकाने दाबला. रेघेसाठी तीन केसांचा कुंचला केला. ती रेघ मी नऊ वेळा पुसली आणि दहाव्यांदा ठेवली.

मार्च २०२३. स्पर्धा. सुजयराव माझ्या ट्रकसमोर आले. इतर चार प्रतिकृतींसमोर ते प्रत्येकी दोन-तीन मिनिटे थांबले होते, माझ्यासमोर अकरा. मला वाटले, कोणीतरी शेवटी नीट पाहत आहे. तेव्हा केवढा अभिमान वाटला मला! मग ते सभागृहाकडे वळून म्हणाले, "ट्रक झकास आहे, मॅडम, पण दार हातून पडलेलं दिसतं. झाकायला मग पोचा म्हणायचं! आणि ही रेघ? नेलपॉलिश कुठल्या कंपनीचं?"

सभागृह हसले. मारोतराव, तुम्हीही हसलात; तुमचे हसणे तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते. गुणपत्रिकेवर लेखी शेरा आला, तो इथे माझ्या हातात आहे: "दारावरील पोचा काल्पनिक. निर्मितीतील अपघात लपवण्याचा प्रयत्न. अप्रामाणिक." पाच स्पर्धकांत पाचवा क्रमांक.

मी अर्ज केला की परीक्षकांनी मूळ ट्रक येऊन पाहावा. खुर्सीपार इथून किती लांब आहे? सुजयराव म्हणाले, "छंद आहे हो, कोर्ट नाही." एवढ्यावर अर्ज निकाली निघाला.

सोनल, तुझी चिठ्ठी पोहोचली. वाचली. सात मिनिटे झाली हे मला मान्य आहे. बारा वर्षांच्या परीक्षकाला सात मिनिटांत निरोप देणे शोभणारे नाही.

कमी गुण मिळाले याचे दुःख दोन दिवसांचे असते, मित्रहो. अप्रामाणिक हा शब्द तसा नसतो. त्या दिवसापासून मी एकही प्रतिकृती केली नाही. ब्रशांची टोके वाळली. घरी येणारे विचारीत, "काय मॅडम, नवीन काय करून राहिल्या?" आणि मी चहा ओतत असे. काचेच्या कपाटातल्या त्या ट्रकवर मी रुमाल टाकून ठेवला होता. तोच ट्रक या टेबलावर आहे. आज पहिल्यांदा उघडला.

आता या वर्षाचा जानेवारी. तो टिप्पर भंगारात निघाल्याचे कळले. मी गेले आणि भंगारवाल्याला म्हटले, मला फक्त डावे दार हवे. तो म्हणाला, "मॅडम, अच्छा वाला ले जाइए, ये तो पिचका हुआ है." मी म्हटले, पिचकलेलेच हवे. धोंडबा आपल्या ट्रकचे शेवटचे दर्शन घ्यायला तिथे आले होते. त्यांना मी नेलपॉलिशची कथा सांगितली. ते हसले नाहीत.

"बाई, थो रंग कोनाचा आहे, मालूम नाई का तुमाले?"

"ट्रकवर होता म्हणून मी काढला."

"थो पांढरीपांडे साहेबांच्या गाडीचा रंग आहे. कोहक्याले, सुताराच्या गल्लीसमोर. माही गाडी उभी होती, मी समोर चहा पिऊन राहिलो होतो. साहेबांनी काचेची पेटी मागं टाकली, मागचं दार वर उघडंच, दोरीनं बांधलेलं. अन् तशीच गाडी मागं घेतली."

"मग धोंडबा, तेव्हाच मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच कुठं? अकरा इतवार मोजूनच राहिल्या होत्या. मले वाटलं, एवढं मोजनाऱ्या बाईले मालूमच असन."

इथे मी स्वतःचे गुण कापते. ट्रकचा प्रत्येक बोल्ट मी मोजला आणि ज्याने तो चालवला त्याला एक प्रश्न विचारला नाही. ही चूक परीक्षकाला दिसली नाही, मला दिसते.

परंतु धोंडबांच्या शब्दावर मी कोणाला दोषी धरत नाही. मी दार तपासले. ते दार आता आणावे. हो, सतरंजीत गुंडाळलेले तेच. अनेकांना वाटले असेल की मंडळाने मोठे स्मृतिचिन्ह आणले. बरोबर वाटले. शालीच्या शेजारी ठेवा. सांभाळून, कडा धारदार आहेत.

नीट पाहा. धोंडबा सांगतात, सुजयरावांनी तेव्हा ट्रकच्या मालकाला फोनवर सांगितले होते की ट्रक चालता होता आणि त्यांच्या उभ्या गाडीला घासून गेला. ट्रक चालता असता तर दारावर आडवा ओरखडा उमटला असता. इथे ओरखडा नाही. पत्रा सरळ आत गेला आहे. म्हणजे ट्रक उभा होता आणि दुसरे काहीतरी येऊन त्यावर आदळले. आणि मोटारीचा कोणता भाग जमिनीपासून एकशे अडुसष्ट सेंटिमीटरवर असतो? मागचे दार वर उघडे असेल तरच त्याची कड तिथे येते. माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे काढता आले असते.

काय म्हणालात, शिल्पाताई? "त्याच महिन्यात दार रंगवून आणलं होतं ना हो?" असे तुम्ही आत्ता यजमानांना विचारलेत. तुमच्यासमोरचा माइक चालू आहे. तुमच्याविषयी माझ्या मनात काडीचाही आकस नाही; उलट आजच्या कार्यक्रमातले सर्वांत प्रामाणिक वाक्य तुमचे आहे. सुजयराव, पाणी प्या.

तेव्हा अकरा मिनिटे ते माझी कारागिरी पाहत नव्हते. ट्रकचा नंबर पाहत होते, पोचा पाहत होते, स्वतःच्या गाडीचा रंग पाहत होते. सबंध सभागृहात तो पोचा खरा आहे हे खात्रीने सांगू शकणारे ते एकटेच होते, आणि त्यांनीच तो काल्पनिक ठरवला. माझी प्रतिकृती चुकली म्हणून मला अप्रामाणिक म्हटले गेले नाही. ती फार बरोबर आली म्हणून म्हटले गेले. परीक्षक म्हणून याहून मोठा पुरस्कार त्यांना मला देता आला नसता. फक्त त्यांनी तो उलटा लिहिला.

माझे एवढेच असते तर मी दार घरी ठेवले असते. पण त्या दिवशी कोहक्यात सुजयरावांनी मालकाला फोन लावला आणि धोंडबांकडून कागद लिहून घेतला. त्याची झेरॉक्स धोंडबांनी तीन वर्षे जपून ठेवली आहे. वाचते: "मैं धोंडबा मेश्राम, ड्राइवर, लिखकर देता हूँ कि गलती मेरी थी. साहब की गाड़ी खड़ी थी. आगे से ऐसा नहीं होगा." मजकूर साहेबांनी सांगितला, हात धोंडबांचा होता. अठ्ठावीस वर्षांत त्या हाताने कुणाच्या गाडीला साधा ओरखडा पाडलेला नव्हता. मी विचारले, "सही कशाला केली?" म्हणाले, "साहेब मोठ्यानं बोलून राहिले होते, लोक जमले होते. मले घरी जायचं होतं." मालकाच्या फायलीत आजही ते एकटेच असे चालक आहेत ज्यांच्या नावे कबुली आहे.

धोंडबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले आहेत. मी पुढच्या रांगेत बसा म्हटले, तर म्हणाले, "इथूनच बरं दिसते."

मारोतराव, आपण उठून उभे राहिलात म्हणून आटोपते. कार्यकारिणीने मला बोलावले याबद्दल आभार. भंगारवाल्याचे आभार, त्याने दार कापताना घडीतला रंग खरवडू दिला नाही. सोनलचे आभार, तिने दुसरी चिठ्ठी पाठवली नाही. माझ्या मोजमापात कोणाला एका मिलिमीटरची चूक आढळली तर दार इथेच आहे, फूटपट्टी टेबलावर आहे. चूक दाखवावी, मी याच माइकवरून क्षमा मागेन. स्वरात काही उणे-अधिक झाले असेल तर तेही पोटात घालावे. आशयाबाबत मात्र ही विनंती करीत नाही.

सुजयराव, परवा सकाळी आपल्या सामानाचा ट्रक येणार आहे. तो हलण्यापूर्वी दोन कागद हवेत. एक या मंडळाच्या नावे, की तो पोचा खरा होता आणि हे आपल्याला तेव्हाच माहीत होते. दुसरा श्री. धोंडबा मेश्राम यांच्या नावे, की त्या दिवशी उभा ट्रक होता आणि चालती गाडी आपली होती. फोन नको, निरोप नको, घरी चहाला बोलावणे नको. लेखी हवे. दुसऱ्या कागदाचा मजकूर सुचत नसेल तर धोंडबा सांगतील, आपण लिहा. खाली तारीख घाला आणि पूर्ण सही करा, त्यांच्याकडून घेतली होती तशी.