बारवेच्या खालच्या पायऱ्या

ही सभा मी पाहिलेली नाही; तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आत्याने सांगितले तेवढेच सांगते, पदरचे काही घालत नाही. निजामाचा अंमल होता. तलवाड्याच्या बारवेत लोक पाय बुडवून घागरी भरत आणि तेच पाणी पिऊन गावाला नारू होई. दोऱ्यासारखा जंत पायातून बाहेर पडे आणि तो पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्ले पुन्हा पाण्यात जात. शहरातल्या डॉक्टरांकडून हे समजून आलेले देशमुख सभेत म्हणाले, “बारव सगळ्यांची, तर जिम्मेदारी बी सगळ्यांची. कुणीच पाण्यात उतरायचं न्हाई.”

गंगाकाकूंची सून ऐन सुगीत नारूने अंथरुणाला खिळली होती. काकू उठल्या. “देशमुख, मारुतीच्या अभिषेकाची घागर भरायला रोज सकाळी गुडघाभर पाण्यात कोण उतरतं वो?”

“मीच की, काकू.”

“मग?”

“उद्यापासून मी बी वरूनच दोरानं घागर सोडीन.”

“अन् पाण्यात उतरून भरायची रीत मोडली म्हणून देव कोपला तर?”

“माझ्यावर कोपंल. तुमच्या सुनंनं लई सोसलंय.”

दुसऱ्या दिवशी ते दोर घेऊन गेले, तर खालच्या पायऱ्या बाभळीच्या काटेरी फांद्यांनी आधीच बंद केलेल्या. गावाने श्रेय देशमुखांना दिले. त्यांनी ते घेतले नाही. काकूंना विचारले, तर त्यांनीही ‘मी न्हाई’ म्हटले. त्या फांद्या कोणी टाकल्या, हे आत्याला अखेरपर्यंत कळले नाही.