गॅलरीतून दिसलेल्या माणसाबद्दल पुरवणी जबाब

नाव व पत्ता परवाच्या जबाबात आहेत तेच. वय चौऱ्याहत्तर. धंदा आता काही नाही; पूर्वी पाणीपुरवठा खात्यात घरोघरचे मीटर वाचत असे. राहणार दवाखान्यामागच्या गल्लीतील तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एकटा.

कोणी न बोलावता आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन लिहून देतो की, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची सायकल परवा सकाळी जिन्याजवळून चोरीला गेली, त्याबाबत मी त्याच दिवशी जबाब दिला होता. त्यात "सायकल नेणारा आमचा इस्त्रीवालाच होता, मी गॅलरीतून या डोळ्यांनी पाहिला" असे सांगितले होते. इस्त्रीवाला आमच्या जिन्याखाली टेबल मांडून बसतो. माझ्या सांगण्यावरून त्याला काल सकाळी ठाण्यात आणले. इमारतीतल्या लोकांनी त्याचे टेबल उचलून गल्लीत ठेवले, आणि आता तो परत आला तरी जागा द्यायची नाही असे ठरवले आहे. मला ते वाक्य मागे घ्यायचे आहे. त्याचे कारण असे.

काल दुपारी चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून मी चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकान माझ्या शाळासोबत्याचे. आम्ही दोघे एका बाकावर. आमच्या बाई फळ्यावर कविता लिहीत, दोनदा म्हणून घेत, मग पुसून टाकत आणि पुसलेल्या फळ्याकडे बोट करून म्हणत, "हं, आता वाचा." आम्ही वाचायचो. ओल्या काळ्या फळ्यावर मला एकेक ओळ दिसायची, वेलांटीसकट. वर्गात असा वाचणारा माझ्यासारखा दुसरा नव्हता.

येथे साहेब म्हणाले, "आजोबा, शाळा राहू द्या, सायकलचं बोला." मी म्हणालो, हे सायकलचेच चालले आहे. त्यांनी हवालदारांना लिहून घेण्यास सांगितले.

दर वाढदिवसाला मी मित्राकडे डोळे तपासून घेत असे. तीच खुर्ची, समोर तोच अक्षरांचा तक्ता. तो एक डोळा झाकायचा, मी वरपासून खालपर्यंत वाचायचो. तो म्हणायचा, "तुझा नंबर काही हलत नाही बुवा. तुझ्यासारखी गिऱ्हाइकं भेटली तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल." त्यामुळे माझ्या चष्म्याची काच बरीच वर्षे बदललेली नाही. मित्र आता दुकानात नसतो. त्याची सून बसते.

ती म्हणाली, "आलाच आहात तर नंबर बघून घेऊ, काका." मी खुर्चीत बसलो आणि वाचले. ग. प, ट. न, र, द. मग अगदी तळाची बारीक ओळसुद्धा. पोरीने वळून तक्त्याकडे पाहिले. मग म्हणाली, "काका, हे कुठे बघून वाचताय?"

"समोरच्या तक्त्यावर."

"तो तक्ता पिवळा पडला म्हणून मी काढून टाकला. हा नवीन आहे. यात ग कुठेच नाही."

मी उठून तक्त्याला नाक लावले. ग नव्हता.

मला कोणाला फसवायचे नव्हते, हे लिहून घ्यावे. मला ती अक्षरे दिसली होती. काळीभोर, ठसठशीत. याचे मला भयापेक्षा नवल अधिक वाटले. मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसलो, आणि पुन्हा मला ग दिसला.

सुनेने मग नीट तपासले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकला आहे. उजव्याचा नंबर खूप वाढला आहे. ती म्हणाली, "बाबांना कधी शंका नाही आली?" मी म्हणालो, "कशी येणार? तोही त्याच बाकावरचा. तक्त्याकडे बघून कुठे तपासत होता? त्यालाही पाठच होता." ती हसली, मग चष्मे पुसत बसली.

घरी येऊन मी गॅलरीत उभा राहिलो. खाली जिन्याजवळ इस्त्रीवाला कपड्यांवर वाकलेला दिसला. पांढरी बंडी, हात मागेपुढे. मला हायसे वाटले की, चला, सोडला त्याला. हाक मारली, उत्तर आले नाही. मग ध्यानात आले की टेबल तर सकाळीच उचलले. मी कठडा धरून खाली उतरलो. तिथे कोणी तरी भिंतीला गादी टेकवून ठेवली होती. मी तिला हात लावून पाहिला. वर जाऊन पुन्हा बघितले, तर पुन्हा तोच, हात मागेपुढे.

म्हणजे त्या जागी, कुठल्याही वेळी, मला तोच दिसतो. तिथे कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. इतक्या वर्षांत अंगणही पाठ झाले असावे.

साहेबांनी विचारले की, हे इतके दिवस लक्षात कसे आले नाही. त्याचे उत्तर असे की, गॅलरीत पूर्वी माझ्या शेजारी आमची मंडळी, म्हणजे बायको, उभी असायची. खाली कोण आले, कोण गेले, कोणाच्या हातात काय, हे तीच सांगायची. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हापासून मी एकटा बघतो.

साहेब म्हणाले, "मग परवा एवढं छातीठोक कसं सांगितलंत?" मी म्हणालो, दिसले म्हणून. त्यांनी विचारले, "त्या बाकावर कोण बसलंय, सांगा." मी निरखून पाहिले आणि सांगितले, तुमचे हवालदार. बाकावरून आवाज आला, "मीच आहे, काका." तो इस्त्रीवाल्याचा आवाज होता. आवाजाबाबत माझी खात्री आहे.

सायकलबाबत मला जे खरोखर माहीत आहे ते एवढेच: कुलूप किल्लीने उघडल्याचा खटका ऐकला, तोडल्याचा आवाज नव्हता. स्टँड वर गेले. कोणी तरी उजेडाच्या दिशेने सायकल ढकलत नेली. अंगात काही फिकट रंगाचे होते. तो कोण होता हे मला माहीत नाही. खाली सांगतो ते शेवटचे वाक्य वेगळ्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि त्याची एक प्रत इमारतीतल्या लोकांना दाखवता येईल अशी द्यावी, ही विनंती. प्रत देता येत नाही, पण हवालदार सोबत येऊन सांगतील, असे साहेबांनी कबूल केले.

त्या माणसाचा चेहरा मी पाहिला नाही.

वरील मजकूर हवालदारांनी सावकाश वाचला, मी डोळे मिटून ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मी स्वतः वाचलेला नाही, नवा चष्मा व्हायचा आहे. सहीची जागा दिसेना, तेव्हा इस्त्रीवाला बाकावरून उठून आला, माझा हात धरून कागदावर नेला आणि म्हणाला, "इथं, काका. सावकाश." त्याने बोट ठेवले आहे, त्याच्या शेजारी सही करत आहे.