मास्टरांनी कापलेल्या गोळ्या

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं बबे, तू होय! थांब, थांब, नळ चालू आहे, काही ऐकू येत नाहीये. बंद करते... हं. नाही, तू नको बोलू, मी बोलते. सकाळपासून तीनदा लावला तुला, एकदा उचलशील तर शपथ!

...बँकेत? हो... हो, असते रांग... अगं ऐक ना. ते पडद्याचं नंतर सांग. भाऊजींनी आजची गोळी घेतली का?... ब्लडप्रेशरची गं! आमच्या मास्टरांनी कापून दिलेली, अर्धी... चहाबरोबर? कधी?... अर्धा तास झाला? अरे देवा.

कुठायत ते आत्ता?... गच्चीवर? कशाला?... टाकी बघायला! म्हणजे त्या लोखंडी शिडीवर?... बबे, त्यांना खाली आण... नाही, आत्ताच्या आत्ता. का ते मग सांगते. आणि हे बघ, खालून बोंबलू नकोस, दचकतील. वर जा, शिडी धर आणि हळूच सांग... माहीत आहे गं, पाण्याच्या खात्यात जन्म गेला त्यांचा, टाकीवर चढणं म्हणजे डाव्या हातचा मळ. पण आज नको. मी फोन धरून आहे. जा गं बाई!

...काही नाही हो, बबीच आहे. तुम्ही उठू नका. उठू नका म्हटलं ना! तीन टाके पडलेत कपाळाला, तेवढे पुरेत... हो, घेतलीय भाऊजींनी. आणि टाकीवर चढलेत... आता असं तोंड करून बसू नका. तुम्ही काय मुद्दाम केलंत?... आणि ठेवा तो डबा खाली. किती वेळ जुळवत बसणार?

...हॅलो! हं, बोल, बोल. उतरले? देव पावला... शेवटच्या पायरीवर काय झालं?... डोळ्यांपुढे अंधारी. हं... तेच गं, तेच. खुर्चीवर नको, आडवं कर त्यांना. पायांखाली उशी दे... खालच्या डॉक्टरीणबाईंना फोन केलास? येतायत?... बरं. बोलतायत ना भाऊजी? तुला रागावतायत? मग बरे आहेत. रागावू देत.

...अगं, सकाळी हे पडले. न्हाणीघरात, दाढी करता करता. पाण्याचा मगही फुटला, आरसाही फुटला... दोन मिनिटं शुद्ध नव्हती. ती दोन मिनिटं मी कशी काढली, माझं मला ठाऊक... चार दिवस म्हणतच होते, गरगरतंय म्हणून. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

डॉक्टरांनी विचारलं, काय घेता, कसं घेता? मी आपलं फुशारकीनं सांगितलं, अर्धी घेतात. स्वतः कापतात, तराजूत टाकल्यात तरी दोन्ही सारख्या भरतील... बबे, त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाले, बाई, ही गोळी पोटात दिवसभर हळूहळू विरघळायची असते. कापली की सगळं औषध एकदम रक्तात उतरतं... हो, अर्ध्या गोळीतलंसुद्धा. प्रेशर धाडकन खाली... आणि माणूसही.

...नाही कसं, लिहिलंय ना पाकिटावर. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

...हो. हो, माझीच होती कल्पना. कबूल. 'तूही पाकीट घेऊन ये, एका महिन्याचं दोन महिने जाईल,' मीच म्हटलं होतं तुला. बोल मला काय बोलायचं ते... सकाळपासून एकच डोक्यात, भाऊजींना काही झालं तर तुला तोंड कसं दाखवू... नाही गं, रडत नाहीये. सर्दी आहे.

पण मला सांग, याआधी कधी कापल्या होत्या का आपण? सहा वर्षं तीच गोळी. पेन्शनरांचं कार्ड दाखवायचं, पाकीट घ्यायचं, घरी यायचं. आणि मग ते पत्रक! एका जातीच्या औषधांत जे सगळ्यांत स्वस्त, तेवढीच किंमत आता सरकार देणार, वरचा फरक पेन्शनरनं भरायचा... हो गं, घेऊन बघितली ना स्वस्तातली. ह्यांचे पाय असे सुजले, चप्पल चढेना. भाऊजींचंही तेच झालं ना?... तर! डॉक्टरांनी दाखला दिला, ह्यांना हीच गोळी लागते म्हणून. तो पेन्शन कचेरीच्या खिडकीवर देऊन अकरा आठवडे झाले. विचारलं की 'तपासणी चालू आहे.' कागद आहे एक पानाचा, अकरा आठवडे काय तपासतात त्यात? 'तोवर फरक भरा.' फरक म्हणे! आमचं महिन्याचं दूध आणि लाइटचं बिल, एवढा तो फरक. दोन महिने भरला, तिसऱ्याला हात टेकले. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

...मुलाला? नाही सांगितलं. हे सांगू देत नाहीत. त्याचंच त्याला होईना झालंय.

...काय?... उद्यापासून अख्खी घ्यायची, ते बरोबर. पण अख्खी आणायची कुठून? सगळ्या कापल्यात की!... तुझ्याही. विसरलीस? एक तारखेला तुझ्यासमोरच तर बसले होते, पाटावर फडकं अंथरून. मी म्हणत होते, रोजची रोज कापा. पण ऐकतील तर मास्टर कसले! चाळीस वर्षं शिवणखात्यात सरकारी गणवेशांचे थर कापले, पन्नास पन्नास कापडं एका वेळी. एकेक कापायचं हाताला माहीतच नाही. 'ब्लेड हाताला बसलं की सगळा माल कापून मोकळं व्हायचं' म्हणाले, आणि एका बैठकीत दोन्ही घरांची पाकिटं... तू वर टाळ्या वाजवल्यास.

...नाही मिळत. विचारून आले मी. कार्डावर पुढचं पाकीट एक तारखेलाच. आज नऊ. मधे हवी तर पूर्ण किमतीनं घ्या, म्हणे. चार आणल्या, सुट्या... चारच गं, ह्यांच्यापुरत्या. तेरा तारखेपर्यंत भागलं. भाऊजींसाठी तूही दोन-तीन आण. पुढचं मला विचारू नकोस.

...हे? हे काय करणार. डबा मांडीवर घेऊन बसलेत. दोन दोन अर्धुकं घेतात आणि एकमेकांना लावून बघतात. जोड दिसत नाही बबे, इतकं साफ कापलंय. मला विचारतात, 'अशा चिकटवून गिळल्या तर?'... केमिस्टलाही विचारलं. नाही चालत. एकदा कापली ती कापली... चाळीस वर्षांत वीतभर कापड वाया घालवलं नाही ह्या माणसानं. तेच धरून बसलेत. पडल्याचं काही नाही त्यांना.

...बरं, आता माझं ऐक. तुझ्याकडच्या त्या सगळ्या टाकून दे... आत्ता... बाजूला ठेवते बिवते काही नाही! घरात असल्या की घेतल्या जातात. बारा-तेरा तारीख येईल, आणलेल्या संपतील, डोकं दुखेल त्यांचं, तू म्हणशील, काहीच नसण्यापेक्षा अर्धी बरी... मी ओळखत नाही का तुला? त्या शिडीवर काय झालं असतं, ते आठव आणि टाक. संडासात टाक, वर पाणी ओत. फोन घेऊन जा आत, मला आवाज आला पाहिजे... कळतं गं, जीव जातो. पैसेच ओतायचे ते. तरी ओत...

...हं... हं, आला. सगळ्या गेल्या?... भाऊजींची शपथ?... बरं. शहाणी माझी ती. रडू नकोस. तोंड धू, जा.

...काय?... आम्ही? टाकणार ना... टाकते म्हटलं ना... आत्ता?... अगं, आत्ता कसं, हे डबा घेऊन बसलेत... तू काय माझी परीक्षा घेतेस? थोरली मी आहे... पाण्याचा आवाज?

...आमच्याकडे पाणी गेलंय.

...मगाशी होतं गं. आत्ताच गेलं... शू! तुम्ही बसा गप्प. नळाला हात लावू नका... कुणी नाही, हेच काहीतरी बडबडतायत... हो, आलं की टाकते. हो, पहिलं ते... बेल वाजली बघ तुझी. डॉक्टरीणबाई असतील. जा, दार उघड.