विजेचे मालक

लाईट गेली तरी आमच्या काकांसमोर कुणाला शिव्या द्यायची सोय नाही, बरं का! उज्जैनजवळच्या त्यांच्या गावात वीज आणली ती गावकऱ्यांच्याच सहकारी समितीनं. काका तिचे सभासद, म्हणजे मालक. समिती कधीच बंद पडली, काकांची मालकी काही सुटली नाही.

परवा उज्जैनला, फ्रीगंजात आमच्याकडे आले, आणि ऐन मॅचच्या शेवटच्या ओव्हरला लाईट गेली. काकांनी तक्रारीचा नंबर फिरवला. “मालिक बोल रहा हूँ.”

“मकान मालिक?” पलीकडच्या मुलीनं विचारलं.

“नहीं बेटा, बिजली का मालिक!”

“तो दादाजी, खुद ही चालू कर लो ना!”

तेवढ्यात लाईट आली.

काका खूश. “शाबाश! अगली मीटिंग में तेरी तनखा बढ़वाता हूँ.”