लाल ठिपके

तिथून नको फोटो, तिथून माझ्या चित्रांवर नुसता ट्यूबलाइटचा पट्टा येतो — इकडे या, खिडकीच्या बाजूला. हं. आणि टेबलाला धक्का लावू नका, त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा सरकवलाय मी. चार ओळी आणि एक फोटो, एवढंच सांगितलंय ना तुम्हाला पेपरच्या ऑफिसातून? ठाऊक आहे मला. मागच्या प्रदर्शनाला आले होते एक तुमच्यातले. फीत कापणाऱ्याचं नाव छापलं, हार घालणाऱ्याचं छापलं, आणि चित्रं कुणाची ते राहूनच गेलं. राहूनच गेलं! वर मला सांगतात, जागा नव्हती. तेव्हा आधी हे लिहून घ्या — भिंतीवरची सगळी चित्रं माझी, टेबलांवरची सगळी भांडी माझ्या धाकट्या जावेची. दोघी एका घरातल्या, एका स्वयंपाकघरातल्या. लिहा, लोकांना आवडतं असलं. मग लगेच विचारतात, भांडता की नाही? तुम्हीही विचारणारच होतात — बघा, हसलात!

ही चित्रं म्हणजे आमचं स्वयंपाकघरच. हा ओटा, हे सिंक, ही दाराआडची केरसुणी. या कलाकेंद्राच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, एखादं निसर्गचित्र नाही का हो? म्हटलं, आमच्या सिंकमध्ये रोज डोंगर उभा असतो, तो काढलाय की. त्यांना विनोद कळत नाहीत, त्यांनी वहीत ‘डोंगर’ असं लिहून घेतलं. पण तुमचं लक्षच नाहीये. तुम्ही त्या किटलीकडे बघताय. सगळे किटलीकडेच बघतात. गळते ती — नाही, गळत नाही, हे लिहू नका हं! धार अशी तुटते तिची की शेवटचा थेंबसुद्धा तोटीवरून ओघळत नाही, बाजारातली एक तरी किटली दाखवा अशी. पण गेली ती. दिसत नाही का लाल ठिपका? ठिपका म्हणजे विकली गेली. हो, तो वाडगाही गेला. ते पेलेही. सगळ्यांवर आहेत ठिपके — मग? सगळं गेलं म्हणूनच आहेत. तासाभरापूर्वीच तर दार उघडलं? असेल, मी काय घड्याळ धरून बसलेय? कुणी घेतली म्हणजे? गिऱ्हाइकांनी घेतली. नावं कसली मागता, पेपरवाले आहात की पोलीस?

थांबा जरा, ही चौकट पुन्हा तिरकी झाली. — नाही झाली? मला तिरकीच दिसते. सकाळपासून मला सगळं तिरकं दिसतंय. धाकटी ना? ती मागे आहे, भट्टीच्या खोलीत, शाळेच्या मुलींना कुंभाराचं चाक दाखवतेय. तिथे गेली की तिला जेवणाखाण्याचीही शुद्ध राहत नाही. लग्न होऊन आली तेव्हा घरात हूं की चूं नव्हतं तिचं. मला वाटलं, झालं, आणखी एक मुकं माणूस! आमचे नवरे, दोघे भाऊ, आधीच तसले — एक पेपरामागे, दुसरा मोबाइलमागे, जेवताना मीठ लागलं तरी बोटाने दाखवतील. मग हिने एक दिवस गच्चीच्या जिन्याखाली चाक आणून ठेवलं आणि मला म्हणाली, मोठ्या जाऊबाई, तुम्ही बसता का जवळ, मला एकटीला भीती वाटते. कसली भीती, मातीची? बसले. बसले तेव्हापासून उठलेच नाही म्हणा ना. मी एका कोपऱ्यात रंगवायची, ती दुसऱ्या कोपऱ्यात फिरवायची, आणि तोंडं दोघींची चालू. हसता हसता कुकर करपलाय आमचा. ग्लेझ लावलं, म्हणजे तो चकाकीचा लेप, की भांड्याचं बूड ओल्या स्पंजाने पुसून काढायचं — ते काम माझं. या हॉलमधल्या प्रत्येक भांड्याचं बूड मी पुसलंय. उचलून बघा, कुठे टिपूस राहिलेला नाही. राहिला तर? तर भट्टीत ते भांडं फळीला चिकटून बसतं. मग हातोडी घ्यायची. सुटतं, पण बूड फळीवरच ठेवून सुटतं.

कसलं अभिनंदन? अहो, अभिनंदन कसलं करताय! तिकडे लांबच्या गावात मातीकामाची शाळा आहे, तिथल्या बाईंनी हिला सांगितलंय — या प्रदर्शनात निम्मी भांडी गेली तर ये, शिकवायला ये, राहायला घर, परसात स्वतःची भट्टी. दीरही तयार! कधी कशाला तयार होत नाही तो माणूस, आणि याला पटकन तयार. सामानसुद्धा मनातल्या मनात बांधून झालंय त्याचं. निम्मीच जायची होती. निम्मी तर दुपारपर्यंत गेली असती, लोक काय आंधळे आहेत? म्हणून मग ठिपके. ठिपका दिसला की माणूस किंमत विचारत नाही, हळहळतो आणि पुढे जातो. संध्याकाळी काढून टाकायचे, की झालं — काय बघताय असं? हो, सगळे ठिपके एकाच उंचीवर आहेत. एका हाताने लावले की एकाच उंचीवर लागतात. स्वतःच्या चित्रांवर एखादा चिकटवायला हवा होता, तेवढी अक्कल चालली नाही. लिहू नका. हे लिहायचं नाही, पेन खाली ठेवा! मला जळकुकडी म्हणा हवं तर, सगळ्या म्हणतीलच. जळायचं काय त्यात? ती गेल्यावर त्या जिन्याखाली बसून मी कुणाशी — जाऊ दे.

काय? कुणाला सांगितलंत? तिला? येता येता, मागच्या दाराने? अध्यक्षीणबाई दाराशी म्हणाल्या म्हणून ‘सगळी विकली’ असं सांगून टाकलंत? अहो, तुम्हाला कुणी — बातमी आधी तपासावी की नाही माणसाने! काय म्हणाली ती? हात धुवायला गेली? मग येईलच. धरा, ही किटली धरा, मी ठिपका काढते. चांगल्या गोंदाचे घेतले ना मी, नको तिथे चांगलं घेते. नखाने निघतोय, थांबा. हा वाडगा. हा पेला. तिला सांगायचं तरी काय, एकही गेलं नाही म्हणून? आत्ताच सगळं गेलं ऐकून —

आली.

ये ना, दारात का थांबलीस? कोपरापर्यंत माती आहे तुझ्या, काय धुतलंस? — काय गं, रडायला काय झालं वेडाबाई? हो. हो, गेली भांडी. सगळी नाही, थोडी राहिलीत अजून, पण तीही जातील की. बघू, ये इकडे, डोळ्यात माती जाईल. आणि तुम्ही? तुम्ही अजून इथेच? ठेवा ती किटली खाली आणि निघा. फाटकाशी एक निळ्या छत्रीवाल्या बाई रिक्षाची वाट बघत उभ्या असतील, दोनदा येऊन हळहळून गेल्या किटलीसाठी. त्यांना म्हणावं, मोठ्या जाऊबाईंनी किटली न्यायला परत बोलावलंय. असं बघत काय राहिलात? पळा, त्या जातील!