जिन्याच्या वळणावरची गंमत

(डॉक्टरांना भेटून परतताना, घराच्या जिन्यात. वहिनी आणि धाकटा दीर.)

दीर : म्हणजे शिडी निर्दोष सुटली म्हणायची. आठवडाभर मी तिच्याशी बोलत नव्हतो.

वहिनी : लोक शिडीला नाही, तुम्हाला बोलत होते. धरून तुम्हीच उभे होतात ना.

दीर : मी सोडली नव्हती, वहिनी.

वहिनी : ठाऊक आहे. आता तर पोस्टमॉर्टेममध्येच निघालं. आधी हृदय थांबलं, मग हे पडले. झडप पार आक्रसली होती. लहानपणी घसा धरून ताप आला, गुडघे सुजले, तेव्हापासूनचं ते. ऱ्हुमॅटिक ताप म्हणाले.

दीर : आई म्हणायची, वाढत्या अंगाचं दुखणं. रोज तेल चोळायची दादाच्या गुडघ्यांना.

वहिनी : आणि तुमच्या?

दीर : मला वाटीत उरलेलं.

वहिनी : म्हणजे तुमचेही सुजले होते.

दीर : एका अंथरुणात झोपायचो. त्याला आलं की मला यायचंच. कांजिण्या, गालगुंड, वडिलांचा मार.

वहिनी : मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला झालं होतं का, तेव्हा गप्प का बसलात? खिडकीकडे बघत होतात.

दीर : चौकटीला रंगाचा दुसरा हात मारलेला नव्हता. असलं काम बघवत नाही मला.

वहिनी : भावजी, थट्टा पुरे. तपासून घ्या. वेळेत कळलं तर औषध आहे, म्हणाले ते.

दीर : बघू.

वहिनी : हेही ‘बघू’च म्हणायचे. का थांबलात?

दीर : काही नाही. एक गंमत आठवली.

वहिनी : काय म्हणालात?

दीर : गंमत आठवली म्हटलं. असं काय बघताय?

वहिनी : याच वळणावर थांबायचे हे. कठडा धरून. रोज एक गंमत आठवायची. मी भाजीची पिशवी घेऊन ताटकळायची, शेजारी दार उघडून हसायला यायचे. किती गप्पिष्ट नवरा, म्हणायचे. आज डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, तेव्हा कळलं, गंमत नेमकी जिन्यातच का आठवायची ते.

दीर : पण गमती चांगल्या असायच्या त्याच्या.

वहिनी : हो. आता तुमची सांगा.

दीर : एक रंगारी असतो.

वहिनी : बरं.

दीर : तो... शिडीवर...

वहिनी : मग?

दीर : पुढं काही नाही. दम लागलाय, वहिनी.

वहिनी : बसा पायरीवर. ती कागदांची पिशवी इकडे द्या. दवाखाना अजून उघडा असेल, आणि आता नुसतं उतरायचंच आहे.